दही वाढवू नका, लोण्याच्या जागी आणा

कोलेस्टेरॉलसाठी दही सुरू केलं, पण ब्रेडवरचं लोणी तसंच राहिलं, तर रिपोर्टमध्ये फरक दिसणं कठीण. खरा फायदा अदलाबदलीत आहे.

1. साधं, बिनसाखरेचं दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा. खाली भांडं, वर झाकण, आणि रात्रभर फ्रिजमध्ये.
2. सकाळी सुरीने पसरेल असा घट्ट चक्का मिळतो. मिरपूड, चिमूटभर मीठ घालून लोण्याऐवजी लावा.

100 ग्रॅम लोण्यात साधारण 50 ग्रॅम संपृक्त चरबी, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी, असते, साध्या दह्यात 2-3 ग्रॅम. पाणी निथळल्यावर ती थोडी वाढते, तरी लोण्याच्या जवळपासही जात नाही. फळांच्या स्वादाचं तयार दही मात्र नकोच, त्यात साखर फार.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर दह्याच्या भरवशावर ती बंद करू नका.