प्रातोच्या पद्धतीची बदाम बिस्कॉटी

इटलीत तोस्काना प्रांतात या बिस्किटांना कांतुच्ची म्हणतात. प्रातो हे त्याच प्रांतातलं शहर. आंतोनियो मात्तेईंची १८५८ सालची बेकरी तिथे आजही चालू आहे. तिकडच्या जुन्या पद्धतीत लोणी किंवा तेल पडत नाही. स्निग्धपणा येतो तो अंड्यातून आणि बदामातून. लोणी-तेल नाही, म्हणूनच कडकपणा. बटर घातलेली बिस्कॉटी खुसखुशीत होते, वाईट नसते, पण कापताना तिचा चुरा फार पडतो.

मैदा २५० ग्रॅम, साखर १६० ग्रॅम, सालासकट अख्खे बदाम १२५ ग्रॅम, २ अंडी आणि १ जादा पिवळा बलक, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एका संत्र्याच्या सालीचा कीस. नागपुरी संत्र्याची साल पोची असल्याने किसणीवर नीट किसली जात नाही; घट्ट सालीचं माल्टा संत्रं घ्या, नाहीतर सरळ लिंबू. पांढरा भाग किसला की कडवटपणा आलाच. बदाम भिजवू नका.

अंडी, बलक, साखर, मीठ आणि कीस दोन-तीन मिनिटं फेटा. मैदा आणि बेकिंग पावडर चाळून घाला, उलथन्याने एकत्र करा, शेवटी बदाम. गोळा चिकट होतो, तसाच हवा. इथे मूठभर जास्तीचा मैदा पडला की बिस्किटं दगड होतात. त्यापेक्षा हात ओले करा. बटर पेपरवर २५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद अशा दोन लाद्या थापा. त्या पसरतात, म्हणून मध्ये चार बोटं जागा सोडा. उरलेला पांढरा बलक वरून लावा.

ओटीजी १८० अंशांवर तापवून, दोन्ही रॉड चालू ठेवून, मधल्या खणात २२ ते २५ मिनिटं भाजा. रंग फिकट सोनेरी हवा आणि बोटाने दाबल्यावर लादी घट्ट लागायला हवी.

पुष्कळ जणांचं बिघडतं ते कापताना. गरम लादी भुगा होते. पूर्ण गार झालेलीचं कवच कडक होऊन बदामापाशी काप तुटतो. दहा मिनिटं थांबा. पावाची दातेरी सुरी घ्या, वरचं कवच करवतीसारखं कापा आणि मग सुरी एकदम खाली दाबा. काप तिरके, दीड सेंटिमीटर जाडीचे. बदाम ओढला जाऊन खळगा पडत असेल तर सुरी बोथट आहे.

काप आडवे मांडून १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी आठ-आठ मिनिटं भाजा. बाहेर काढताना ते मऊच लागतात, त्याला फसून वेळ वाढवू नका. एक काप पाच मिनिटं गार करून मोडून बघा. मधे ओलसर वाटला तरच बाकीचे पुन्हा आत ढकला.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे आरामात टिकतात. पावसाळ्यात सादळले तर १५० अंशांवर पाच मिनिटं पुरतात. प्रातोत ती विन सांतो या गोड वाइनमध्ये बुडवून खातात. कोऱ्या कॉफीतही छान लागतात.

बदामांऐवजी पिस्ते चालतात. चॉकलेटची हवी असतील तर २५ ग्रॅम मैदा कमी करून तेवढीच कोको पावडर घाला. मात्र तेव्हा रंगावरून अंदाज येत नाही, बोटाने दाबूनच ठरवा.