ओबामा जिंकला त्या रात्रीच्या प्रतिक्रिया वाचायच्या कशा

दर काही वर्षांनी कुणीतरी तो जुना व्हिडिओ परत पाठवतं, बराक ओबामा अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणून निवडून आला त्या रात्रीचा, शिकागोचं ग्रँट पार्क, नोव्हेंबरची रात्र, नागरी हक्क चळवळीतला जुना कृष्णवर्णीय नेता जेसी जॅक्सन याच्या गालावरून ओघळणारं पाणी, आणि मग लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते बघा त्या दिवशी अमेरिकेतला वर्णद्वेष संपला, दुसरी म्हणते कसला संपतोय, नुसता इव्हेंट होता. मी दोन्ही पार्ट्यांत राहून आलेय, २००८ ला पहिलीत आणि २०१४ नंतर दुसरीत, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये. पण मधल्या काळात त्या रात्रीचे व्हिडिओ, पेपर, आकडे असं बरंच काही चाळलं आणि वाचायची एक पद्धत हळूहळू सापडली, ती इथे टाकते. कॉलेजचं प्रेझेंटेशन असो, लेख असो किंवा नुसती घरातली वादावादी, उपयोगी पडेल.

सुरुवातीलाच एक शब्दाचा घोळ मिटवून टाका. रेस म्हणजे जात नव्हे. आपल्या डोक्यात लगेच आपलं काहीतरी उभं राहतं आणि मग आपण अमेरिकेबद्दल न बोलता स्वतःबद्दलच बोलत बसतो. तिथला मामला गुलामगिरी, मग कायद्याने केलेलं वेगळं ठेवणं, मग मताचा हक्क हिसकावणं अशा क्रमाने आलाय, तो तसाच वाचा. वंश म्हणा, वर्ण म्हणा, सरळ रेस म्हणा, चालेल. आणि जुन्या मराठी पुस्तकात असलेला ‘नीग्रो’ शब्द तिथेच राहू द्या, कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन म्हणा.

आता पहिलं खरं काम म्हणजे घड्याळ आणि नकाशा. ४ नोव्हेंबर २००८, पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ११ वाजले, कॅलिफोर्नियातलं मतदान संपलं आणि सगळ्या चॅनेल्सनी एकदम ओबामा जाहीर केला (आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, म्हणून आपल्याला ती रात्र कायम उन्हात आठवते). ग्रँट पार्कात साधारण २ लाख ४० हजार माणसं, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत लोक रस्त्यावर, व्हाइट हाउसच्या बाहेर मध्यरात्री गर्दी, वॉशिंग्टनच्या यू स्ट्रीटवर नाच. आता यातली प्रत्येक जागा गुगल करा, एवढंच करा, अर्धं काम होतं. ग्रँट पार्कात १९६८ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅट अधिवेशनाच्या वेळी पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं होतं. यू स्ट्रीटचा परिसर त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंगना मारल्यावर पेटला होता. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी जिथे आग होती तिथे आता लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडतायत, आणि नाचणाऱ्यांतल्या वयस्करांना ते माहीत आहे, विशीतल्या पोरांना बहुतेक नाही. एकाच रस्त्यावर दोन वेगळे आनंद चाललेत.

त्यावरूनच माझी सगळ्यात आवडती युक्ती, कोण रडतंय ते बघू नका, त्याचं जन्मसाल बघा. खरंच, कागदावर लिहा. जॅक्सन १९४१ चा. किंगना मेम्फिसमध्ये गोळी लागली तेव्हा तो त्याच मोटेलवर होता. नंतर १९८४ आणि १९८८ ला स्वतः अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला आणि हरला. आणि हे पण लक्षात ठेवा की त्याच २००८ च्या जुलैमध्ये चालू राहिलेल्या माइकवर तो ओबामाबद्दल फारच घाण बोलताना पकडला गेला होता आणि माफी मागावी लागली होती. मग त्या अश्रूत काय काय होतं? नंतर त्याने सांगितलं की किंग आणि नागरी हक्क चळवळीतले मेडगर एव्हर्स, १९६३ ला ज्यांना मिसिसिपीत घराच्या दारात मारलं, ते क्षणभर तरी हे बघायला हवे होते असं वाटत होतं. म्हणजे तो ओबामाचा फॅन म्हणून रडत नव्हता. जे गेले त्यांची मोजणी करत होता.

नागरी हक्क चळवळीतला जॉन लुइस १९४० चा. ७ मार्च १९६५ ला सेल्मा गावच्या पुलावर पोलिसांनी त्याची कवटी फोडली, मागणी काय तर मताचा हक्क, आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला व्होटिंग राइट्स ॲक्टवर सही झाली. ओबामाने भाषणात ज्यांचं नाव घेतलं त्या अटलांटाच्या ॲन निक्सन कूपर १०६ वर्षांच्या होत्या, त्यांना तरुणपणी दोन कारणांनी मत नव्हतं, बाई म्हणून आणि कातडीच्या रंगामुळे. आणि खुद्द ओबामा १९६१ चा, आईबापांचं लग्न हवाईत झालं म्हणून जमलं, त्या वेळी बऱ्याच राज्यांत गोऱ्या बाईने काळ्या पुरुषाशी लग्न करणं हा गुन्हा होता आणि सुप्रीम कोर्टाने ते कायदे रद्द केले थेट १९६७ ला. हे सगळं एका कागदावर लिहिलंत की २००८ ला पासष्टीची असलेली बाई का हमसून रडतेय आणि तिचा वीस वर्षांचा नातू का नुसता मोबाइल वर धरून ओरडतोय हे समजावून सांगायला लागत नाही.

पुढचं काम लोक टाळतात, हरलेल्यांकडे बघणं. ओबामाविरुद्ध हरलेला रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन, त्याचं फिनिक्समधलं भाषण शोधा. त्याने ओबामाचं नाव घेतल्यावर समोरच्या गर्दीतून हुर्यो उठते आणि तो हाताने थांबवतो, मग बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाचा किस्सा सांगतो, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने १९०१ ला त्यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं तर केवढा गहजब झाला होता. दहाएक मिनिटांचं भाषण आहे पण एकाच चौकटीत नेता आणि त्याचे समर्थक दोन वेगळ्या गोष्टी बोलताना दिसतात, असं क्वचित मिळतं. आणि मग त्याच रात्रीची दुसरी टोकाची बातमी, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला निकालानंतर काही तासांत एक बांधत असलेलं कृष्णवर्णीयांचं चर्च जाळलं गेलं, पुढे तीन गोऱ्या तरुणांवर गुन्हा शाबीत झाला. मॅसॅच्युसेट्स बरं का, ओबामाने आरामात जिंकलेलं उत्तरेतलं राज्य, दक्षिणेतलं कुठलं आडगाव नव्हे. नाचणं आणि जाळणं दोन्ही एकाच रात्रीचं आहे, एक खरं म्हणून दुसरं खोटं असं करू नका.

परदेशातल्या प्रतिक्रिया मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, त्यात अमेरिका कमी आणि तो देश जास्त असतो. केनियाने ६ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी दिली. छान वाटतं, पण ओबामाचे वडील लुओ जमातीचे, आणि केनियात त्याच वर्षाच्या सुरुवातीला निवडणुकीवरून जमातींमध्ये हिंसाचार होऊन हजारावर माणसं मेली होती, तेव्हा तिथे जोक चालायचा की लुओ माणूस केनियाच्या आधी अमेरिकेचा अध्यक्ष होईल. तर ती सुट्टी कशाची होती ते तुम्हीच ठरवा. इटलीचा तेव्हाचा पंतप्रधान बर्लुस्कोनी याने ओबामा तरुण आहे, देखणा आहे आणि उन्हात रापलेला पण आहे असं जाहीर म्हटलं आणि टीका झाल्यावर टीका करणाऱ्यांनाच मूर्खात काढलं. त्यातून अमेरिकेतल्या रेसबद्दल शून्य माहिती मिळते, बर्लुस्कोनीबद्दल भरपूर.

आता आकडे, इथे घाई केलीत की गेलात. एकूण ३६५ विरुद्ध १७३ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष यांवरच ठरतो), लोकांची मतं साधारण ५३ टक्के विरुद्ध ४६. हे बघून ‘अमेरिकेने रंग बघितला नाही’ असं लिहायचा मोह होतो. मग एक्झिट पोल उघडा. कृष्णवर्णीयांची ९५ टक्के, लॅटिनोंची ६७, आशियाईंची ६२ आणि गोऱ्यांची ४३ टक्के मतं ओबामाला. म्हणजे गोऱ्यांमध्ये तो हरलाच. लगेच दुसऱ्या टोकाला पळू नका पण, कारण गोऱ्यांचं बहुमत १९६४ च्या लिंडन जॉन्सननंतर कुठल्याच डेमोक्रॅटला मिळालेलं नाही, २००४ ला केरीला ४१ टक्केच होते आणि केरी गोरा होता. म्हणजे ओबामाचे दोन टक्के वाढलेच. मग राज्याराज्यात बघा, अलाबामात गोऱ्यांपैकी दहातल्या एकानेच त्याला मत दिलं, आणि देशभरात तिशीच्या आतल्या गोऱ्यांत मात्र तो चक्क पुढे होता. सरासरी हा फार लबाड प्राणी आहे. शिवाय त्याच पोलमध्ये ६३ टक्के लोकांनी मुख्य मुद्दा अर्थव्यवस्था सांगितला, लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा किती मतं रंगाला मिळाली आणि किती बँका बुडाल्या म्हणून, हे वेगळं काढता येत नाही आणि जो वेगळं काढून दाखवतो त्याच्यापासून लांब राहा.

ब्रॅडली इफेक्ट हा शब्द पण भेटेल. टॉम ब्रॅडली, लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय महापौर, १९८२ ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभा होता, पोल्समध्ये पुढे आणि निकालात मागे, म्हणून म्हणायला लागले की गोरे लोक पोलवाल्याला एक सांगतात आणि मत दुसऱ्याला देतात. १९८९ ला व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर जिंकला खरा, पण पोल्समधली मोठी आघाडी निकालात अर्ध्या टक्क्याच्याही खाली आली. २००८ ला सगळे याचीच वाट बघत होते आणि देशपातळीवर तसं काही झालं नाही, पोल्स जवळपास बरोबर आले. माझ्या मते त्या निवडणुकीत रेसबद्दल ठामपणे सांगता येण्यासारखी एखादी गोष्ट असेल तर ही, आणि हिच्यावर कुणी नाचलं नाही.

एक्झिट पोलवर पण आंधळा विश्वास नको. त्याच दिवशी कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणारा प्रपोझिशन ८ हा प्रस्ताव लोकांच्या मतदानाने पास झाला, एक्झिट पोल म्हणाला ७० टक्के कृष्णवर्णीय मतदारांनी त्याला पाठिंबा दिला, झालं, दुसऱ्या दिवसापासून सगळं खापर त्यांच्या डोक्यावर. काही आठवड्यांनी नीट अभ्यास झाला तर तो आकडा साधारण ५८ निघाला, आणि चर्चला किती नियमित जातात हे धरलं तर वर्णाचा फरक बराचसा विरघळला. पण खापर फोडून झालं होतं. तेव्हा पहिल्या ४८ तासांतला कुठलाही ‘अमुक समाजाने असं केलं’ टाइपचा आकडा पेन्सिलने लिहा.

शेवटचं काम म्हणजे दहा वर्षं पुढे जाऊन परत वाचणं. गॅलप या सर्वेक्षण संस्थेने दुसऱ्याच दिवशी विचारलं तेव्हा सुमारे ७० टक्के अमेरिकन म्हणाले की ओबामामुळे वर्णसंबंध सुधारतील. जुलै २०१६ च्या एका मोठ्या पोलमध्ये ६९ टक्के म्हणाले की वर्णसंबंध वाईट आहेत. मधे काय झालं ते तारखांनी लावा, २०१२ ट्रेव्हॉन मार्टिन या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारलं, २०१४ फर्ग्युसनमध्ये पोलिसाने कृष्णवर्णीय तरुणाला मारल्यावर आंदोलन पेटलं, २०१५ चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नऊ जण मारले गेले, आणि मधेच एप्रिल २०११ मध्ये, तो अमेरिकेत जन्मलाच नाही या अफवेमुळे, पदावर असलेल्या अध्यक्षाला जन्माचा पूर्ण दाखला लोकांना दाखवावा लागला, आधीच्या ४२ अध्यक्षांपैकी कुणालाही कुणी मागितला नव्हता. आता ओबामामुळे बिघडलं की आधीचंच दिसायला लागलं, यावर मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पोल नुसता लोकांना काय वाटतं ते सांगतो, म्हणून शेजारी दुसरे आकडे ठेवा ज्यात वाटण्याचा संबंध नाही. प्यू संस्थेने २००९ ची संपत्ती मोजली तर संपत्तीच्या रांगेत बरोबर मध्ये उभ्या असलेल्या गोऱ्या कुटुंबाकडे १ लाख १३ हजार डॉलर आणि तशाच मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाकडे साडेपाच-पावणेसहा हजार. मंदीने कृष्णवर्णीयांची बेकारी २०१० च्या मार्चमध्ये १६.८ टक्क्यांवर नेली. आणि सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह? १०० जणांत ओबामा हा एकटाच कृष्णवर्णीय होता, तो व्हाइट हाउसला गेला आणि त्याच्या जागी रोलंड बरिस या दुसऱ्या कृष्णवर्णीयाला नेमलं नसतं तर पाटी कोरी.

यातच कोर्टाची फाइल जोडा कारण ती सगळे विसरतात. व्होटिंग राइट्स ॲक्टमध्ये ज्या राज्यांचा इतिहास खराब त्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची अशी अट होती. ओबामा जिंकला हाच मुद्दा ती अट काढायला वापरला गेला, की बघा आता गरज काय. २५ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ती निकामी केली, आणि टेक्सासने काही तासांतच आपला अडलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू करतो म्हणून सांगितलं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्गने विरोधी निकालात लिहिलं की आपण भिजत नाही म्हणून पावसात छत्री फेकून देण्यासारखं आहे हे. आपल्याला छत्रीचं वेगळं सांगायला नको. पण म्हणजे बघा, ग्रँट पार्कातला आनंद ज्या कायद्यामुळे शक्य झाला, त्याच कायद्याविरुद्ध तोच आनंद पुरावा म्हणून उभा केला गेला.

आणि हो, २०१६ ला ट्रम्पकडे गेलेल्या काउंट्यांपैकी (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) दोनशेच्या वर अशा होत्या ज्यांनी दोन्ही वेळा ओबामाला निवडलं होतं. कुणी म्हणेल मग ते वर्णद्वेषी नव्हतेच, कुणी म्हणेल होतेच, दोघांनाही विचारा की तुम्ही मताला चारित्र्याचा दाखला का समजताय.

बसायचं असेल तर क्रम असा ठेवा, आधी मॅकेनचं भाषण, मग ग्रँट पार्क पण आवाज बंद करून, फक्त चेहरे आणि शेजारी तो जन्मसालांचा कागद, मग आवाज लावून परत एकदा. मग ५ नोव्हेंबरचा न्यूयॉर्क टाइम्स, ज्यासाठी लोक रांगा लावून उभे होते, मथळ्यात मोठ्या अक्षरात नुसतं ओबामा आणि खाली वर्णाचा अडथळा कोसळला अशा अर्थाची ओळ. त्या ओळीखाली पेन्सिलने लिहा, कुठला अडथळा, कुणासाठी. एवढ्याला दीड तास लागतो, चहा आधीच करून ठेवा.