पुण्यातली माती पुण्यातच सोडा: एमटीबी न्यूझीलंडला नेताना

नोकरीसाठी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला शिफ्ट झाले तेव्हा सोबत दोन बॅगा आणि एक बाईकचा, म्हणजे माझ्या एमटीबीचा (माउंटन बाईक, डोंगरात चालवायची सायकल) खोका होता. बॅगा दोन तासांत भरल्या, खोक्याने चार दिवस खाल्ले, आणि त्यातले तीन नुसते घासण्यात गेले. तुमचं कोणाचं तिकडे जायचं चाललं असेल तर हे वाचून मगच शेवटची राईड ठरवा.

आधी न्यायची की विकायची ते बघा. २६ इंची चाकांची, क्विक रिलीजवाली (लिव्हर फिरवून चाक सुटतं ती) जुनी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) असेल तर इथेच विका, पुढे पार्ट शोधता शोधता वैतागाल. २९ ची, बूस्ट (रुंद) हबवाली आणि तुमच्या मापात बसलेली असेल तर बिनधास्त न्या. ई-बाईकचा विषयच नको, प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी घेत नाहीत आणि ई-एमटीबीची बॅटरी त्याच्या कितीतरी पुढे असते.

आता खरं काम. न्यूझीलंडवाले मातीला जाम घाबरतात, कारण त्यातून बी, बुरशी, किड्यांची अंडी आत शिरतात, आणि आपली बाईक म्हणजे वेताळ टेकडीची अर्धी माती घेऊन फिरणारी गाडी. वरवर धुऊन चालत नाही. टायर रिमवरून पूर्ण काढा, सीलंट (ट्यूबलेस टायरमधला पंक्चर बुजवणारा द्रव) पुसून टाका, आणि खाचांमधून जुना टूथब्रश फिरवा. मग सीटपोस्ट बाहेर काढून नळीत बघा, सॅडलच्या खालचे रेल बघा, फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) कमानीची मागची बाजू बघा, तिथे खळगे असतात आणि माझ्या फोर्कमध्ये मागच्या पावसाळ्यातला चिखल वाळून दगड झाला होता, स्क्रू ड्रायव्हरने उकरावा लागला. पाण्याचा जोरदार फवारा मात्र बेअरिंगवर मारू नका. शूजचे क्लीट (तळव्याचे, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) सोडवून खालची माती काढा. आई दारात उभी राहून म्हणाली, घरातली फरशी एवढी कधी पुसली नाहीस.

मातीपेक्षा डेंजर म्हणजे कुसळं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, मला माझ्याच नीपॅडच्या वेल्क्रोमधली दिसायला मोबाईलचा टॉर्च लागला. हेल्मेटचे पॅड, ग्लोव्ह्ज, हायड्रेशन बॅगेच्या शिवणी, सगळं उलटं करून झटका, कुसळ म्हणजे बीच की शेवटी. नंतर बाईक एक दिवस नीट वाळू द्या, ओली खोक्यात गेली तर गंजेल.

पॅकिंगला सायकलच्या दुकानातून नव्या बाईकचा स्वच्छ पुठ्ठ्याचा खोका मागून आणा, आणि त्याच दुकानात फोर्कच्या दोन पायांमध्ये बसवायचा प्लॅस्टिकचा तुकडा पण मागा, ते लोक फेकूनच देतात. पेडल काढताना लक्षात ठेवा की डाव्याचे आटे उलटे असतात, इथे लोक उगाच पान्ह्यावर उभे राहतात. चाकं काढलीत की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि मग पोचल्यावर बोंब. रोटर (ब्रेकची चकती) काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, टी-२५ ची चावी लागते. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून (तो फ्रेमला जिथे अडकतो ती छोटी पट्टी) सोडवून बबल रॅपमध्ये गुंडाळून चेनस्टेला (फ्रेमची मागची खालची दांडी) बांधा. आणि एक जादा हँगर घ्याच, बऱ्याच मॉडेलचा वेगळा असतो, तिथे जाऊन शोधत बसाल. ट्यूबलेस टायर पुन्हा बसवायला बहुतेकदा कॉम्प्रेसर लागतो म्हणून मी इथूनच आत ट्यूब टाकल्या आणि हवा कमी ठेवली. टायरमध्ये हवा भरायची सीओटू काडतुसं आणि स्प्रेचे डबे खोक्यात नको.

साधी बॅग १५८ सेंटीमीटरची धरतात, लांबी-रुंदी-उंची मिळून, आणि बाईकचा खोका आरामात त्याच्या वर जातो. त्यामुळे एअरलाइनकडून बाईकचं आधीच ईमेलवर लेखी घ्या. मी फोनवर विचारलं होतं, काउंटरवर म्हणाले असं काही नोंदलेलंच नाही, आणि मुकाट्याने पैसे भरले. वजनाला २३ किलोच्या आत बसवा, ३२ च्या वर तर कोणी घेतच नाही. पुढेमागे बाईक परत आणायची असेल तर खोका चेक-इन करायच्या आधी विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, फ्रेम नंबर बहुतेकदा बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे बसतात तो भाग) खाली असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

न्यूझीलंडचं ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरतात, फुकट असतं, पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा. बाहेर मोकळ्यावर, मातीत वापरलेल्या सामानाच्या प्रश्नाला सरळ हो म्हणा. लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मी हो म्हटलं, एका काकांनी खोका उघडायला लावला, टॉर्च घेऊन टायरच्या खाचा बघितल्या, मग वाकून थेट फोर्कच्या कमानीमागे! माझा जीव वर. काही सापडलं नाही, टेप त्यांनीच परत लावली.

तिकडे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताला, त्यामुळे हात गोंधळत नाहीत. हेल्मेट कायद्याने कंपल्सरी. ट्रेलना (एमटीबीच्या वाटांना) अवघडपणानुसार १ ते ६ ग्रेड असतात, सुरुवात ३ पासून करा, इगो बाजूला ठेवून. आणि रोटोरुआ शहराला जाच, तिथली ज्वालामुखीची माती पाणी पटकन पिते, पावसातही मस्त चालवता येतं.

ऑकलंडच्या आसपास कौरीची (तिथला मोठा स्थानिक वृक्ष) झाडं मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरतायत, म्हणून तिथल्या वाटांच्या तोंडाशीच ब्रश आणि जंतुनाशकाचा फवारा ठेवलेला असतो. पहिल्याच रविवारी समोर तेच दिसलं. ब्रश उचलला, खाली बसले आणि टायरच्या खाचा घासायला लागले. सोबतचा म्हणाला, फार पटापट करतेस गं.