बॅकअप आहे ना भाऊ, मग रिस्टोर करून दाखव: डेटाबेसवाल्यांनो, या चुका टाळा

पंधरा दिवसांत तिसरा फोन आला. "दादा, बॅकअप तर होता पण उघडूनच नाही राहिला." मी नेहमीसारखं विचारलं, शेवटचा रिस्टोर कधी केला होता, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करून कधी बघितला होता? तिकडून आवाज नाही. मी नागपुरात पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल-मारियाडीबी या डेटाबेसांचे सर्व्हर सांभाळतो, गिऱ्हाईक बहुतेक लहान, व्यापारी, कारखानेवाले, एकदोन क्लासवाले, आणि सगळ्यांकडे त्याच त्या चुका बघून बघून आता डोकं उठलंय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

फाइल तयार होते म्हणजे बॅकअप होतो

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

गांधीबागेतले एक औषधांचे ठोक व्यापारी, बिलिंग सगळं पोस्टग्रेसवर. बाजूच्या छोट्या मशीनवर रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) चालायचा, पीजी-डंप (पोस्टग्रेसचा डेटा फाइलीत उतरवणारा), त्यातून निघालेलं पाइप लावून जीझिप या कॉम्प्रेस करणाऱ्या कमांडकडे, तारखेच्या नावाची फाइल, आणि पंधरा दिवसांपेक्षा जुनं सगळं डिलीट. स्क्रिप्ट माझीच, लपवायचं कशाला. दोन वर्षं झकास चालली. मग आम्ही सर्व्हर १२ वरून १४ ला नेला आणि त्या छोट्या मशीनवरचा पीजी-डंप १२ चाच राहून गेला. आता पीजी-डंपचं असं आहे की स्वतःपेक्षा नव्या मेजर व्हर्जनच्या सर्व्हरला तो हात लावत नाही, व्हर्जन जुळत नाही म्हणतो आणि बाहेर पडतो. पण पाइपलाइन पास की नापास हे शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडवरून ठरवतो, आणि शेवटी होती जीझिप. तिच्याकडे काही आलंच नाही, तर तिनं ते "काहीच नाही" नीट कॉम्प्रेस केलं आणि सगळं ठीक आहे सांगून मोकळी झाली. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल २० बाइटची होते. रोज रात्री दोनला २० बाइट, तारीख एकदम बरोबर. पंधरा दिवसांत माझ्याच स्क्रिप्टनं जुने चांगले डंपही झाडून साफ केले.

मे महिना, पारा ४५ च्या वर, रविवारी दुकान बंद म्हणून एसी बंद, आणि सोमवारी रेडमधल्या (एक गेली तरी दुसरी चालावी म्हणून जोडलेल्या) दोन्ही डिस्क गेल्या. मी ऐटीत सांगितलं, शेठ टेन्शन घेऊ नका, बॅकअप आहे. फाइलींची यादी काढली. ओळीनं पंधरा फाइली आणि साइजच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. शेठ मागंच उभे, "भाऊ, किती टाइम लागन?" त्या वेळी पोटात जे झालं ते अजून आठवतं.

वाचवलं ते अकाउंट बघणाऱ्या एका पोट्ट्यानं. अपग्रेडच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतःच्या समाधानासाठी एक डंप पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला होता, मला विचारलं असतं तर मीच म्हणलो असतो की काही गरज नाही. मधले चार महिने मात्र गेले ते गेलेच. बिलांचे नंबर आणि रकमा जीएसटीच्या पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधून परत मिळाल्या, कारण गिऱ्हाईक सगळे जीएसटी नंबर असलेले मेडिकलवाले. पण बॅच नंबर आणि एक्सपायरी तिथं कुठून मिळणार, ते कागदी बिलांच्या गठ्ठ्यातून हातानं भरलं. चार माणसं, नऊ दिवस. त्या महिन्याचं बिल मी पाठवलं नाही.

आणि लाज कशाची वाटते सांगू? हीच गोष्ट मी आधी वाचली होती. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटच्या कंपनीत एका इंजिनियरनं रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे चालू प्रायमरीवर (मुख्य सर्व्हरवर), डेटा डिरेक्टरी उडवली. मग बॅकअप बघायला गेले तर सर्व्हर ९.६ चा आणि पीजी-डंप ९.२ चा, त्यामुळे डंप होतच नव्हता, आणि तो फेल झाल्याचे मेल डीमार्क या मेल तपासायच्या नियमाच्या भानगडीत परत फेकले जात होते म्हणून कोणाला पत्ता नाही. शेवटी सहा तासांपूर्वी योगायोगानं हातानं घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटवर, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या कॉपीवर, निभावलं. त्यांनी सगळं उघडपणे लिहून ठेवलं हे त्यांचं मोठेपण. मी ते वाचून हसलो होतो.

आता माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे नाही. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल चालू, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तरी नापास. खरं तर पाइपच नको, पीजी-डंपचा कस्टम फॉरमॅट स्वतःच कॉम्प्रेस करतो. डंप आधी कच्च्या नावानं घ्यायचा आणि नीट संपला तरच खरं नाव द्यायचं. आजची साइज कालच्यापेक्षा बरीच कमी निघाली तर मला मेसेज. जुनी फाइल तेव्हाच उडवायची जेव्हा नवी तपासून झाली. आणि मेसेज यशाचा पाठवायचा, तो सकाळी आला नाही की समजायचं गडबड आहे, कारण फेल झाल्याचा मेल पाठवणारी गोष्टच कधी कधी फेल असते.

याच्याही वर म्हणजे शनिवारची सकाळ. एका जुन्या डेस्कटॉपवर पूर्ण रिस्टोर लावतो आणि तर्री पोहे खायला जातो. परत आलो की शुक्रवारचं शेवटचं बिल त्यात आहे का बघतो, आणि ळ असलेलं एखादं नाव उघडून बघतो, त्याच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर कॅरेक्टर सेटमध्ये घोळ आहे, ते मायएसक्यूएलच्या जुन्या लॅटिन-१ (देवनागरी न मावणाऱ्या) टेबलांत हमखास होतं. पीजी-रिस्टोरनं डंपमध्ये काय काय आहे याची नुसती यादी काढून "टेस्ट झाली" म्हणणारे पोट्टे मला माहीत आहेत, बाप्पा, यादी म्हणजे डेटा नाही ना. आणखी एक फायदा, किती टाइम लागन याचं उत्तर आता माझ्याकडे घड्याळ लावून मोजलेलं असतं.

"आमच्याकडे रेप्लिका आहे"

हे वाक्य ऐकलं की मी चहा मागवतो, कारण वेळ लागणार असतो. रेप्लिका म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत जुळत राहणारी दुसरी कॉपी, ती मशीन मेल्यावर कामाची, माणूस चुकल्यावर नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नवीन पोट्ट्यानं व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारला, सगळ्या मालाचा रेट एकच झाला, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत रेप्लिकावरही तोच रेट. रेप्लिकानं तिचं काम चोख केलं, करणार काय बिचारी.

तिथं बेस बॅकअप (आख्ख्या सर्व्हरची कॉपी) आणि वाल आर्काइव्ह (त्यानंतरच्या प्रत्येक बदलाची साठवलेली नोंद) दोन्ही होते म्हणून अपडेटच्या आधीच्या मिनिटावर जाता येत होतं. पोट्टा म्हणाला ११:४० ला मारला. त्यांच्याच माणसानं घाईत रिकव्हरीची वेळ ११:३९ टाकली, आणि सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या घड्याळावर. यूटीसीचे ११:३९ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:०९! सहाला रिकव्हरी लावली होती, त्यामुळे ती तो अपडेट आरामात ओलांडून पुढं गेली. आणि वाल पुढंच चालतं, मागं येत नाही, म्हणजे परत बेस बॅकअपपासून सुरू, अजून अडीच तास. तेव्हापासून मी वेळेच्या पुढं +०५:३० लिहिल्याशिवाय एंटर दाबत नाही. शिवाय पोस्टग्रेस ठरलेल्या वेळेवर पोचला की डिफॉल्टला पॉज होऊन थांबतो, तिथं डोकावून बघा, मग प्रमोट करा, म्हणजे रोजच्या कामाला खुला करा. पण यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेल्या मंडळींना तो थांबलेला दिसला की वाटतं हँग झालं, आणि लगेच रीस्टार्ट. धीर धरा ना बा थोडा.

दुसरी रेप्लिका मुद्दाम एक तास मागं ठेवता येते, पोस्टग्रेसमध्येही आणि मायएसक्यूएलमध्येही. मला ती सोय फार आवडते, पण तीही बॅकअप नाहीच.

सर्व्हर आणि बॅकअप एकाच टेबलाखाली

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. त्या भागात तळमजल्यावर ऑफिस असलेल्या एकांचा सर्व्हर टेबलाखाली आणि बॅकअपचा नॅस डबा (नेटवर्कवरची डिस्क) त्याच्या शेजारीच, दोघंही सोबतच पाण्यात. क्लाउडवर आहे म्हणून निश्चिंत असाल तर १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक आख्खं डेटा सेंटर जळालं होतं, आणि बॅकअपही तिथंच ठेवणाऱ्यांचे दोन्ही गेले. एक कॉपी दुसऱ्या शहरात ठेवा. आणि बॅकअप एन्क्रिप्ट करत असाल तर त्याची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका, हेही बघितलंय मी.

बाकीच्या, पटापट

डिस्क भरली म्हणून पोस्टग्रेसचं पीजी-वाल (वालच्या फाइलींचं) फोल्डर हातानं रिकामं करणं. आधी त्याचं नाव पीजी-एक्सलॉग होतं, लोक लॉग समजून उडवायचे, म्हणून व्हर्जन १० मध्ये नावच बदललं, तरी उडवून राहिलेच. आधी वाल बाहेर साठवणारी आर्काइव्ह कमांड फेल होतेय का आणि कुठला विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकासाठी वाल राखून ठेवणारा) अडकलाय का ते बघा, बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

चालू सर्व्हरची डेटा डिरेक्टरी नुसती कॉपी करणं. नाही. चालू सर्व्हरच्या कॉपीसाठीच पीजी-बेसबॅकअप दिलंय ना मग.

पीजी-डंप एकाच डेटाबेसचा असतो, यूजर आणि रोल त्यात येत नाहीत, ते पीजी-डंपऑलच्या ग्लोबल्सनं वेगळे काढा.

मायएसक्यूएल-डंपला सिंगल-ट्रान्झॅक्शन (सगळा डंप एकाच क्षणाचा घेणारा ऑप्शन) द्या, आणि टेबलं अजून मायआयसॅम या जुन्या प्रकारची असतील तर त्याचाही उपयोग नाही. स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट आपोआप येत नाहीत, मागावे लागतात.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बाण (>) लावून मायएसक्यूएलचा डंप फाइलीत ढकलला तर ती फाइल यूटीएफ-१६ होते आणि परत लोड होत नाही, रिझल्ट-फाइलचा ऑप्शन वापरा.

डेटाबेस डॉकरमध्ये असेल तर तो बंद करायच्या डॉकर कंपोज डाउनच्या मागं व्ही लावला की व्हॉल्यूमही, म्हणजे डेटाची जागाच, जातो. कुठून तरी कॉपी-पेस्ट केलेल्या कमांडमध्ये तो व्ही असतोच असतो.

आणि क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या यादीच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे क्रॉनसाठी नवीन ओळ, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख टाकायला गेलात की कमांड तिथंच तुटते. हातानं चालवली तर एकदम बरोबर चालते, म्हणून कोणाला संशयही येत नाही. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव लिहा, मी तेच करतो.