ऑल-इन-वन रेकॉर्डर घेताय? आधी या चुका टाळा

«दादा, हे घेऊ का?» एवढाच मेसेज, आणि सोबत खोक्याचा फोटो. खोक्यावर ट्रॅकचा, म्हणजे वेगवेगळ्या ठेवता येणाऱ्या रेकॉर्डिंगच्या थरांचा, आकडा ठळक छापलेला. असे मेसेज मला सतत येतात आणि उत्तर लिहून लिहून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं इथे.

लॅपटॉपच्या भानगडीत न पडता घरी गाणं रेकॉर्ड करायचं, तर एकाच डब्यात मिक्सर, रेकॉर्डर, इफेक्ट्स असलेलं मशिन घेणं ही कल्पना चांगलीच आहे. टॅस्कॅम कंपनीने 1979 साली साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारा पोर्टास्टुडिओ काढला, तेव्हापासून लोक अशा डब्यांवर गाणी करताहेत. माझा राग मशिनवर नाही. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ संपायच्या आत ऑर्डर टाकणाऱ्यांवर आहे.

ट्रॅक मोजले, इनपुट मोजलेच नाहीत

ही चूक सगळ्या चुकांची आजी. आठ ट्रॅक म्हणजे आठ जण एकदम रेकॉर्ड होतील असं नाही, ते इनपुटवर, म्हणजे माईक-वाद्य जोडायच्या सॉकेटवर ठरतं. टॅस्कॅमच्या डीपी-008ईएक्सवर किंवा झूम कंपनीच्या आर8वर ट्रॅक आठ, पण एका वेळी रेकॉर्ड होतात दोनच. बाकीचे एकामागून एक भरायचे. डीपी-24एसडी किंवा आर24 घेतलं तर ट्रॅक चोवीस आणि एका वेळी आठ. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल वाचतो कोण?

कोकणातल्या एका भजनी मंडळाने वर्गणी काढून असंच आठ ट्रॅकचं मशिन आणलं. गणपतीच्या आधी चार अभंग रेकॉर्ड करून गावात वाटायचे, असा बेत. मला बोलावलं ते मशिन आल्यावर. देवळात सगळे बसलेले, पखवाजाला कणीक लावून झालेली, आणि मी मागे वळवून पाहतो तर माईकची सॉकेट दोन. बुवा म्हणाले, «मग आठ कशाक लिवल्यानी?»

आता हिशेब बघा. आपले बुवा स्वतः पेटी वाजवत गातात, म्हणजे एकाच माणसाला दोन माईक. पखवाजाची दोन तोंडं, दोन माईक. तबल्या-डग्ग्याला एक, कोरसला एक. झांजेला माईक द्यायचाच नाही, ती सगळ्यांच्या माईकमध्ये आपोआप घुसते. सहा झाले. कुणीतरी सुचवलं, आधी पेटी आणि आवाज घेऊ, पखवाज मागाहून भरू. करून बघितलं. पखवाजीबुवांच्या कानाला हेडफोन लावला तर त्यांचा हातच चालेना. अभंगाची लय बुवांच्या मानेवर चढते, मशिनच्या क्लिकच्या टिकटिकीवर नाही. समोर बुवा नाहीत तर पखवाजी बघणार कुणाकडे?

शेवटी दोनच माईक वापरले आणि माणसं हलवली. बुवा पुढे, कोरस हाताभर मागे, पखवाज जरा तिरका, झांजवाल्यांना थेट दरवाज्याशी. रेकॉर्डिंग ऐकण्यासारखं झालं. पण नंतर बुवांचा आवाज थोडा वाढवा म्हटलं की पेटीही वाढते, त्याला इलाज नाही.

माझी सवय अशी: आधी कागदावर एका वेळी वाजणाऱ्या वस्तू लिहितो, मग दुकानाची साइट उघडतो. एकटा गिटार घेऊन गाणारा असाल तर दोन इनपुट भरपूर झाले, आठचा सोस करू नका.

गाणं आत गेलं, बाहेर कसं येणार?

टॅस्कॅमच्या डीपी मालिकेत मेमरी कार्डाचे दोन भाग असतात. मशिन स्वतःच्या भागात गाणं ठेवतं. संगणकाला दिसतो तो दुसरा भाग. ट्रॅक तिथे एक्स्पोर्ट केल्याशिवाय वेव्ह फाइल, म्हणजे संगणकावर चालणारी आवाजाची फाइल, मिळत नाही. हे माहीत नसलेल्या एका पोराने कार्ड संगणकात घातलं, काहीच दिसेना, म्हणून बिघडलं समजून फॉरमॅट मारला. आईच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं त्यात. झूमच्या आर मालिकेत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेव्ह फाइल सरळ पडलेल्या असतात. पुढे संगणकावर मिक्सिंग करायचं असेल तर हा फरक मला इफेक्ट्सच्या यादीपेक्षा मोठा वाटतो. यूएसबीचंही तेच. आर8, आर24 संगणकाला जोडून ऑडिओ इंटरफेस म्हणून, म्हणजे माईकचा आवाज थेट संगणकात पोचवायला, चालतात. डीपी-24एसडीची यूएसबी फक्त फाइल नेण्या-आणण्यापुरती. भोक दिसलं म्हणजे सगळं चालतं, असं नसतं.

आणि हो, डीपीवर मास्टर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून शेवटची फाइल, करताना गाणं पूर्ण वाजवावं लागतं. सात मिनिटांचा अभंग, सात मिनिटं बसा. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी फोनवरच रेकॉर्ड करावं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कंडेन्सर जातीच्या माईकला 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे माईकच्या तारेतूनच मिळणारी वीज, लागतो. तो सगळ्या सॉकेटवर मिळतोच असं नाही, तेव्हा किती सॉकेटवर आहे ते विचारा.

कार्डाची उगाच धास्ती नको: 24 बिट, 48 किलोहर्ट्झ अशा दर्जाच्या रेकॉर्डिंगला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी खातो, आठ ट्रॅक तासाला चार जीबीच्या थोडं वर. पण कार्ड मशिनमध्येच फॉरमॅट करा.

हार्ड डिस्कवालं जुनं मशिन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. डिस्क गेली की तिच्या जोडीची शोधत फिराल.

आतल्या ड्रम मशिनवर भाळू नका, त्यात भजनी ठेका नसतो.

घूंऽऽ असा आवाज येतोय? मशिनला शिव्या घालण्याआधी घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. तिसरी पिन तोडून घूं घालवणारे महाभाग मी पाहिलेत. तसलं काही करू नका, जिवावर बेतेल.

वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर आधी, मशिन नंतर. मी प्रत्येक गाणं संपलं की थांबतो, सेव्ह करतो, मगच पुढचं. मंडळी कुरकुरतात, चहा मागवायचा.