टोकियोत मुक्काम कुठे करायचा? आधी स्टेशन ठरवा, हॉटेल मग

टोकियोच्या पहिल्या खेपेला आम्ही शिंजुकूला हॉटेल घेतलं होतं. कारण एवढंच, की ज्याला विचारावं तो म्हणायचा, शिंजुकू मध्यवर्ती आहे. हॉटेलच्या पानावर लिहिलं होतं, ‘स्टेशनपासून पायी ७ मिनिटं’. ते खोटं नव्हतं. फक्त योग्य दारातून बाहेर पडायला हवं होतं. शिंजुकू स्टेशनातून बाहेर पडायला दोनशेच्या वर वाटा आहेत आणि आम्ही नेमके भलत्याच बाजूला निघालो. दोन मोठ्या बॅगा, सोबत आई, आणि ऑफिसं सुटायची वेळ. चाळीस मिनिटांनी हॉटेलची पाटी दिसली तेव्हा आई म्हणाली, “अरे, दादरला उतरून चालत माहीमला आलो की काय आपण?”

तेव्हापासून आमच्या घरात टोकियोचं हॉटेल एकाच पद्धतीनं ठरतं. आधी रेल्वेची लाइन, मग स्टेशन, मग त्या स्टेशनाचं दार, आणि सगळ्यांत शेवटी हॉटेल. खोलीचे फोटो पाहून सुरुवात केली की हा क्रम उलटा होतो.

१. ‘मध्यवर्ती’ हा शब्द विसरा, यादी करा

टोकियोच्या मधोमध सम्राटाचा राजवाडा, त्याचे खंदक आणि बागा आहेत. गजबज आहे ती त्याच्या भोवती, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली: शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो पश्चिमेकडे, उएनो, आसाकुसा, अकिहाबारा पूर्वेकडे, गिंझा, टोकियो स्टेशन, शिनागावा आग्नेयेला आणि दक्षिणेला. त्यामुळे सगळ्यांना सारखंच सोयीचं असं ठिकाण इथे नाही.

एका कागदावर कुठल्या दिवशी कुठे जाणार ते लिहा. शहराबाहेरच्या सहली ठळक लिहा, कारण मुक्काम ठरतो तो त्यांच्यावरूनच. क्योतो-ओसाकाची शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, टोकियो स्टेशनहून सुटते आणि शिनागावाला थांबते. हाकोनेला जाणारी ओदाक्यू कंपनीची गाडी शिंजुकूहून, निक्कोची तोबू कंपनीची गाडी आसाकुसाहून. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कावागुचिकोला जाणाऱ्या बसही शिंजुकूहून सुटतात.

डिझ्नीलँडला जायचं असेल तर एक खाचखळगा सांगून ठेवतो. केइयो लाइनवरच्या माइहामा स्टेशनला उतरायचं असतं आणि ती लाइन टोकियो स्टेशनातून निघते. पण तिचे फलाट बाकीच्या फलाटांपासून इतके लांब आहेत की सरकत्या पट्ट्यांवरून चालत चालत आपण दुसऱ्याच स्टेशनात आलो की काय असं वाटतं. ‘टोकियो स्टेशनजवळ राहतोय, म्हणजे डिझ्नी हाकेच्या अंतरावर’ हा हिशेब करताना ती पायपीट धरा.

२. विमान कुठे उतरतं ते बघा

टोकियोला विमानतळ दोन. हानेदा शहरातच, खाडीच्या काठाला. नारिता मात्र शेजारच्या चिबा प्रांतात, शहरापासून साठेक किलोमीटरवर. तिकिटावर एचएनडी असेल तर हानेदा, एनआरटी असेल तर नारिता.

नारिताला उतरणार असाल तर उएनोचा परिसर सोयीचा. केइसेई कंपनीची स्कायलायनर निप्पोरी आणि उएनोला साधारण चाळीस मिनिटांत पोचवते. नारिता एक्स्प्रेस टोकियो स्टेशनला तासाभरात जाते, शिंजुकूला त्याहून जास्त वेळ घेते. हानेदाहून केइक्यू लाइननं शिनागावा पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि मोनोरेलनं हामामात्सुचो.

मला स्वतःला आवडते ती मेट्रोची आसाकुसा लाइन. तिच्यावरच्या काही गाड्या थेट हानेदाला जातात, काही थेट नारिताला. आसाकुसा, कुरामाए, निंग्योचो ही स्टेशनं याच लाइनवर आहेत. आठ-नऊ तासांच्या प्रवासानंतर बॅगा घेऊन गाडी बदलावी न लागणं म्हणजे काय सुख, ते तिथे गेल्यावर कळतं.

शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास संपतात आणि पहिल्या पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतात. मुंबईची लोकलसुद्धा रात्री झोपते, पण इथल्या टॅक्सीचं मीटर जास्त दुखतं. रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जादा. विमान रात्री उशिरा नारिताला उतरत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढा. हानेदाला पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री कामाता भागात राहा. तिथे साधी, स्वस्त बिझनेस हॉटेलं आहेत.

३. लाइन निवडा

यामानोते लाइन म्हणजे शहराभोवती फिरणारी पोपटी पट्ट्याची लोकल. साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, ३० स्टेशनं, तासाभरात एक पूर्ण फेरी. हिच्यावरच्या स्टेशनजवळ राहिलं तर फारसं चुकत नाही. मात्र मोठ्या स्टेशनाच्या ऐवजी त्याच्या शेजारचं लहान स्टेशन बघा. भाडं थोडं कमी, बाहेर पडायची दारं मोजकी, आणि संध्याकाळी गल्लीत माणसं घरी परतताना दिसतात.

माझी निवड ओकाचिमाची. उएनो आणि अकिहाबारा यांच्या मधलं स्टेशन. रुळांखालून आणि रुळांच्या कडेनं अमेयोको नावाचा बाजार उएनोपर्यंत जातो: सुके मासे, मसाले, बूट, सुकामेवा, सगळं एका रांगेत. आसपास चालत जाण्याच्या अंतरावर हिबिया, गिंझा आणि ओएदो या तीन मेट्रो लाइन आहेत. गंमत म्हणजे हा दागिन्यांचा आणि हिऱ्या-रत्नांचा बाजार, म्हणून इथे भारतीय व्यापारी बरेच. आणि व्यापारी आले म्हणून शाकाहारी जेवणही आलं.

निंग्योचो आणि निहोनबाशीकडचा भाग शांत. शनिवार-रविवारी ऑफिसवाले नसल्यामुळे रस्ते मोकळे असतात. आसाकुसा सेन्सोजी मंदिरामुळे दिवसा गजबजलेलं, पण संध्याकाळी दुकानांची शटर लवकर खाली येतात. ज्यांना रात्री दिव्यांची रोषणाई आणि गर्दी हवी, त्यांनी शिंजुकू किंवा शिबुयालाच राहावं. फक्त शिंजुकूतल्या काबुकिचोच्या गल्ल्या टाळा, तिथे रात्री दलाल मागे लागतात. रोप्पोंगीचंही रात्री तसंच. उगुइसुदानी हे यामानोतेवरचंच स्टेशन, भाडी मोहात पाडणारी. पण स्टेशनाभोवती तासावर खोली देणारी ‘लव्ह हॉटेलं’ दाटीवाटीनं आहेत आणि बुकिंगच्या साइटवर ती साध्या हॉटेलांच्या रांगेत येऊन बसतात. गोल पलंग आणि रंगीत दिवे दिसले की सावध व्हा. धोका काही नाही, पण सासूबाई सोबत असतील तर पंचाईत.

नावं नीट वाचा. आसाकुसा आणि आसाकुसाबाशी वेगळी. त्सुकुबा एक्स्प्रेस या लाइनचं ‘आसाकुसा’ स्टेशन बाकीच्या आसाकुसा स्टेशनांपासून अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब. कुरामाए नावाची दोन मेट्रो स्टेशनं आहेत, एका लाइनवरून दुसरीवर जायचं तर रस्त्यावर येऊन चालावं लागतं.

४. ‘पायी ५ मिनिटं’चा अर्थ

जपानमध्ये घरांच्या जाहिरातींत ८० मीटरला एक मिनिट असा नियम आहे. हॉटेलंही साधारण त्याच मापानं लिहितात. म्हणजे पाच मिनिटं हे ४०० मीटर झाले. यात सिग्नलला थांबणं नाही, जिने नाहीत, फलाटापासून दारापर्यंतचं चालणं नाही. माझा नियम साधा: बॅग असेल तर दुप्पट, सोबत वडीलधारी माणसं असतील तर अडीचपट.

मग नकाशा उघडून हॉटेलला सगळ्यांत जवळचं दार कुठलं ते बघा. मेट्रोच्या दारांना ए१, ए२, बी३ असे नंबर असतात. आता खरी मेख: त्यांतल्या एखाद-दुसऱ्या दारालाच लिफ्ट असते. लिफ्टचं दार चौकाच्या पलीकडे असेल, तर पाच मिनिटांची दहा होतात. ओएदो लाइन तर फारच खोल आहे. तिचं रोप्पोंगी स्टेशन जमिनीखाली ४२ मीटर, टोकियोतलं सर्वांत खोल. गुडघे दुखणाऱ्यांना रोज दोनदा हे घडवू नका.

५. खोली: लांबी-रुंदी वाचा, फोटो नको

बिझनेस हॉटेलची एकट्याची खोली १२-१३ चौरस मीटरची, म्हणजे जेमतेम १४० चौरस फूट. त्यात पलंग, टेबल आणि प्लास्टिकच्या डब्यासारखं एकसंध न्हाणीघर. मोठी बॅग जमिनीवर सपाट उघडली की दाराकडे जायला तिच्यावरून उडी मारावी लागते. आम्ही एकेक बॅग पलंगावर चढवायचो, हवं ते काढायचो, बंद करून उभी करायचो. दोघांसाठी निदान १६-१८ चौरस मीटर बघा.

‘सेमी-डबल’ हा शब्द दिसला तर थांबा. पलंगाची रुंदी १२० सेंटीमीटरच्या आसपास आणि त्यावर दोघांनी झोपायचं. नवीन लग्न झालेल्यांना चालेल. बाकीच्यांनी ‘ट्विन’ घ्यावी, म्हणजे दोन वेगळे पलंग. धूम्रपानाच्या खोल्या अजून बऱ्याच हॉटेलांत आहेत. त्या थोड्या स्वस्त दिसतात आणि पडद्यांना वास येतो. ‘नो स्मोकिंग’ वाचूनच पैसे भरा.

जपानी साइटवर भाडं पुष्कळदा माणशी लिहिलेलं असतं, खोलीचं नव्हे. ‘इतक्या स्वस्तात?’ असं वाटलं की आधी हेच तपासा. माणसांची संख्याही खरी टाका; दोघांसाठी घेऊन तिसऱ्याला गुपचूप नेणं इथे चालत नाही. लहान मूल आईबापांच्या पलंगावर झोपणार असेल तर बरीच हॉटेलं पैसे घेत नाहीत, पण वयाची अट हॉटेलागणिक वेगळी.

चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट हॉटेल परवडतं. घरगुती भाड्याच्या जागांना २०१८ च्या कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे; नोंदणी क्रमांक दिसत नसेल तर सोडून द्या. अशा जागी रिसेप्शन नसतं, त्यामुळे सकाळी पोचलात तर बॅगा ठेवायच्या कुठे हा प्रश्न उरतो. हॉटेलात चेक-इन दुपारी तीनला असलं तरी बॅगा आधी ठेवून घेतात.

६. जेवणाचं

शाकाहारी माणसानं मुक्काम ठरवताना पोटाचा विचार केलाच पाहिजे, कारण साध्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. खोलीत पाणी उकळायची किटली बहुधा असतेच. तयार उपमा, दडपे पोहे, मेतकूट घरून न्या. चोवीस तास उघडी असणारी कोन्बिनी दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. तिथे फळं, ब्रेड, दही मिळतं. नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर आधी यादी बघा, नाहीतर आपल्या वाट्याला भात आणि सॅलड.

पूर्वेकडे एदोगावा प्रभागात निशी-कासाई आहे, तिथे भारतीयांची मोठी वस्ती. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच प्रभागाच्या सभागृहावर निवडून आले होते. किराणा, डाळ-भात, कानावर मराठी, सगळं मिळू शकतं. पण फिरायला आलेल्यांनी तिथे राहावं असं मी म्हणणार नाही. तिथून शहरात येणारी तोझाई लाइन सकाळच्या गर्दीसाठी कुप्रसिद्ध आहे, विरार फास्टची धाकटी बहीणच. एखाद्या संध्याकाळी जेवायला जा, पोटभर जेवा, परत या.

७. तारखा

मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीचा साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर, २९ एप्रिल ते ५ मेचा सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पितरांचा सण आणि नववर्ष, या दिवसांत भाडी कडाडतात. एरवीही शनिवारची रात्र महाग असते. रविवारी पोचून शुक्रवारी निघता आलं तर पैसे वाचतात. सहा महिने आधी, फुकट रद्द करता येईल असं बुकिंग करून ठेवा आणि व्हिसा आल्यावर पुन्हा एकदा भाव बघा.

८. बुकिंग झाल्यावर

हॉटेलचं नाव आणि पत्ता जपानी लिपीत फोनमध्ये ठेवा. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, पत्ता चालतो तो विभाग, गट आणि इमारतीच्या क्रमांकांवर. टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा. चेक-इनला पासपोर्ट लागतो. तळमजल्याला इथे पहिला मजला म्हणतात, म्हणजे आपला पहिला तो त्यांचा दुसरा. क्योतोला पुढे जाणार असाल तर मोठ्या बॅगा हॉटेलातूनच कुरिअरनं पाठवता येतात, साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचतात.

आणि पहिल्याच संध्याकाळी, मोकळ्या हातानं, हॉटेल ते स्टेशन एक फेरी मारा. दुसऱ्या खेपेला आम्ही ती मारली, तेव्हा आईनं पर्समधली छोटी वही काढून लिहून घेतलं: ओकाचिमाची, उत्तरेचं दार, उजवीकडे, दुसरा सिग्नल, फुलवाल्याच्या शेजारी.