सीसीटीव्हीसाठी भारीतला डीव्हीआर घेताय? आधी दिवस मोजा, चॅनेल नंतर

टॉवेलच्या कारखान्यात सूत कमी भरलं, हे कळतं महिनाअखेरीच्या मोजणीत. सुताचे कोन मोजले जातात, वहीशी ताळा घातला जातो, दोन पोती कमी निघतात आणि मग सगळे डीव्हीआरकडे, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या यंत्राकडे धावतात. तिथे जेमतेम बारा दिवसांचं रेकॉर्डिंग शिल्लक असतं. यंत्र सोळा चॅनेलचं (एका चॅनेलला एक कॅमेरा), कॅमेरे चांगले, चित्रही स्वच्छ. फक्त हवी ती तारीख पुसली गेलेली.

म्हणून दुकानात जाण्याआधी एकच ठरवा: तुमच्याकडे गडबड झाली तर ती किती दिवसांनी उघड होते? सोलापूरच्या नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात ती त्याच संध्याकाळी किंवा आठवड्याभरात कळते. मार्केट यार्डातल्या कांद्याच्या वजनाचा वाद पंधरा-वीस दिवसांनीही उकरला जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागवाल्याला महिना उलटतो. जो आकडा येईल त्याच्या दीडपट दिवसांचा बॅकअप धरा. कारखान्यासाठी ४५ दिवस हा हिशेब बरोबर बसतो.

पायरी १: डिस्कचा हिशेब स्वतः करा

सूत्र सोपं आहे. १ एमबीपीएसचा (सेकंदाला दहा लाख बिट) प्रवाह चोवीस तास साठवला तर १०.८ जीबी जागा लागते. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेमने चालवला की साधारण २ एमबीपीएस घेतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. सोळा कॅमेऱ्यांचे झाले ३४५.६ जीबी. आता ४ टीबीच्या डिस्कला यानं भागा: साडेअकरा दिवस. वरचे बारा दिवस इथून आले.

४५ दिवसांसाठी हेच गणित १५.५ टीबीवर जातं. वर पंधरा टक्के मोकळीक धरली की १८ टीबी. ८ टीबीची डिस्क यंत्रात ७.२७ टीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, यंत्र १०२४ ने. वरचा हिशेब हजाराचाच असल्यामुळे ही घट पुन्हा वजा करू नका.

'एच.२६५ प्लसमुळे निम्म्याच जागेत भागतं,' असं विकणारा सांगेल. रिकाम्या गोदामात ते खरं आहे, कारण ही पद्धत स्थिर पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा साठवत नाही. पण माग चालू असलेल्या शेडमध्ये स्थिर असं काय असतं? धोटे धावतात, फण्या हलतात, पंख्याच्या वाऱ्यावर सूत उडतं. तिथे बचत नावापुरती होते. 'हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग' ही युक्तीही शेडमध्ये फुकट जाते. हे दोन्ही फक्त गेट, ऑफिस आणि गोदामाच्या कॅमेऱ्यांना लावा. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात किडे घोंघावतात आणि चित्रात दाणे येतात, त्यानेही आकार फुगतो. त्यामुळे हिशेब सरासरीवर न करता यंत्रात नेमलेल्या कमाल बिटरेटवर (एमबीपीएसच्या आकड्यावर) करा.

पायरी २: भिंतीतल्या वायरी बघा

जुन्या कोअॅक्स केबल चांगल्या असतील तर एक्सव्हीआर घ्या. तो टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी या कोअॅक्सवरच्या एचडी प्रकारांचे, जुने अॅनालॉग आणि काही आयपी (नेटवर्कवरचे) कॅमेरेही चालवतो. नवीन बांधकाम असेल तर कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढून सरळ एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) घ्यावा. लांबी मात्र १०० मीटरच्या आत ठेवा, पुढे मधे स्विच लागतो.

एनव्हीआर घेताना चॅनेलच्या जोडीला 'इनकमिंग बँडविड्थ' (सगळ्या कॅमेऱ्यांचे मिळून किती एमबीपीएस झेपतात) वाचा. ८ मेगापिक्सेलचे सोळा कॅमेरे प्रत्येकी ८ एमबीपीएसने १२८ होतात. यंत्राची मर्यादा ८० असेल तर सोळा चॅनेल फक्त खोक्यावर.

एक्सव्हीआरवाल्यांनी केबलचं एक टोक सोलून ब्लेडने तार खरवडावी. वरचा तांब्याचा रंग जाऊन आत पांढरट अॅल्युमिनियम दिसलं, तर लांबच्या कॅमेऱ्यांना रात्री इन्फ्रारेड चालू होताच व्होल्टेज कमी पडणार आणि चित्र जाणार. हा दोष केबलचा असतो, शिव्या मात्र यंत्राला बसतात.

पायरी ३: माहितीपत्रकातली बारीक अक्षरं

खरा महाग-स्वस्तातला फरक इथे आहे.

'१०८०पी लाइट' किंवा '१०८०एन' लिहिलं असेल तर चित्र १९२० ऐवजी ९६० पिक्सेल रुंदीचं साठतं. पडद्यावर ताणून दाखवल्यामुळे चटकन कळत नाही. गाडीचा नंबर मोठा करायला गेलात की कळतं. '५ एमपी लाइट'चीही तीच गत.

दुसरी गोम फ्रेमची. खोक्यावर '८ एमपी' ठळक छापलेलं असतं आणि तळाला 'सेकंदाला ७ किंवा ८ फ्रेम'. गल्ल्यावर नोटा मोजणारे हात किंवा गेटमधून निघणारी मोटारसायकल पाहायची असेल तर १५ च्या खाली जाऊ नका. आमच्या मते ८ फ्रेमच्या ८ एमपीपेक्षा २५ फ्रेमचं खरं २ एमपी केव्हाही बरं.

माणूस आणि गाडी ओळखण्याची सोय सोळापैकी किती चॅनेलवर मिळते, तेही विचारा. पुष्कळदा ती मोजक्याच चॅनेलवर असते, चेहऱ्याची ओळख त्याहून कमी. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजायचे की नाही, हे त्यावरून ठरवा. मागे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहून घ्या.

पायरी ४: डिस्कचे कप्पे

साध्या यंत्रात डिस्कसाठी एक कप्पा असतो. भारीतल्यात चार, आठ. प्रत्येक कप्प्यात कमाल किती टीबीची डिस्क चालते, हे वेगळं लिहिलेलं असतं. वरच्या उदाहरणात चार कप्प्यांचं यंत्र घेऊन ६ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (एका डिस्कइतकी जागा सुरक्षिततेसाठी राखणाऱ्या जोडणीत) लावल्या तर १८ टीबी वापराला मिळतात, आणि एक डिस्क गेली तरी रेकॉर्डिंग राहतं. दोन डिस्क एकदम गेल्या तर मात्र सगळं गेलं.

डिस्क पाळतीसाठीचीच घ्या: डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक यांसारखी. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते. ती बंद पडण्याआधी फ्रेम गाळायला लागते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पायरी ५: ऊन, सूत, हादरे, वीज

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो. पत्र्याच्या शेडमधल्या बंद लोखंडी पेटीत त्याहून दहा-बारा अंश जास्त धरा. बहुतेक रेकॉर्डर ५५ अंशांपर्यंत चालतात, म्हणजे तुम्ही आधीच काठावर. यंत्र ऑफिसच्या खोलीत ठेवा, चारही बाजूंना वीतभर जागा सोडा, पेटीला जाळी आणि पंखा बसवा. सुताची बारीक लव पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखी बसते. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून मऊ ब्रशने झाडा. आणि ज्या भिंतीला माग लागून आहेत तिच्यावर यंत्र टांगू नका. हादऱ्यांनी डिस्कचा हेड चुकतो. जमिनीवरच्या रॅकखाली रबराचे तुकडे घाला.

विजेचं गणितही कागदावर करा. सोळा कॅमेरे रात्री प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे ८०. चार डिस्कचा रेकॉर्डर ५० च्या आसपास. एकूण १३० वॅट. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. ती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं तग धरेल. १५० एएचच्या नव्या इन्व्हर्टर बॅटरीवर आठेक तास निघतात. इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस मोड'वर हवं, नाहीतर लाइट गेली की रेकॉर्डर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मधली दोन-तीन मिनिटं कोरी राहतात. हमखास होणारी चूक म्हणजे रेकॉर्डर बॅकअपवर आणि कॅमेऱ्यांचा एसएमपीएस (त्यांना वीज पुरवणारा डबा) थेट लाइनवर. मग अंधारात यंत्र इमानदारीने काळा पडदा रेकॉर्ड करत बसतं.

पायरी ६: पैसे देण्याआधी दुकानातच करून बघा

सगळी चॅनेल एकाच वेळी पूर्ण रिझोल्यूशन आणि २५ फ्रेमवर लावता येतात का, हे 'एन्कोड'च्या पानावर पाहा. काही यंत्रांत एक चॅनेल वाढवलं की दुसरं आपोआप उतरतं. सोळा कॅमेऱ्यांचं जुनं रेकॉर्डिंग एकत्र चालवा, अडखळतं का बघा. तासाभराची क्लिप पेनड्राइव्हवर घ्या आणि घड्याळ लावा. रेकॉर्डिंग चालू असताना वायर उपटा. पुन्हा लावल्यावर ते आपोआप सुरू व्हायला हवं. शेवटी यंत्र बंद करून एक डिस्क काढा आणि चालू करा. बझर वाजला पाहिजे.

पायरी ७: बसवण्याच्या दिवशी

अॅडमिन पासवर्ड मालकाने स्वतः टाकायचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणूनच. मोबाइल अॅपचं खातंही मालकाच्याच नंबरवर काढा. बसवणारा मुलगा 'साहेब, मी करून देतो' म्हणत स्वतःच्या खात्याला यंत्र जोडतो आणि तुम्हाला फक्त शेअर करतो. उद्या त्याने नंबर बदलला की तुम्ही तुमच्याच यंत्राला परके.

वेळ एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने) जुळवा, टाइमझोन अधिक ५:३० ठेवा. घड्याळ दहा मिनिटं पुढे असलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून दिलं तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार असा पुरावा देताना प्रमाणपत्र लागतं. त्याच्या नमुन्यात डीव्हीआरचा उल्लेख आहे आणि फाइलची हॅश किंमतही (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा) भरावी लागते. म्हणून प्रकार घडला की त्याच दिवशी क्लिप मूळ स्वरूपात काढून ठेवा. पडद्याचं मोबाइलने केलेलं शूटिंग व्हॉट्सअॅपवर फिरवायला ठीक, पुरावा म्हणून लंगडं.

रेकॉर्डर गल्ल्याखाली ठेवू नका, चोर तो आधी उचलतो. कुलपाच्या खोलीत ठेवा, आणि जमल्यास गेटच्या एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग क्लाउडवरही जाऊ द्या.

बसवल्यापासून शेहेचाळिसाव्या दिवशी प्लेबॅकचं कॅलेंडर उघडा. पहिल्या दिवसांतली एखादी तारीख निवडा आणि पहाटे तीनची वेळ लावून एकेक कॅमेरा पाहा. एखादा रिकामा निघाला तर वॉरंटीच्या कागदासकट दुकान गाठा.